मनगटावरचा मास्तर

उद्या सकाळी मेसच्या रांगेत उभे राहाल तेव्हा जरा हातांकडे बघा. पोह्यांच्या प्लेटसाठी पुढे येणाऱ्या कितीतरी मनगटांवर काळा रबरी पट्टा आणि चकाकणारी काच दिसेल. कुणी त्याला फिटनेस बँड म्हणतं, कुणी स्मार्टवॉच. तो पावलं मोजतो, ठोके मोजतो, झोपसुद्धा मोजतो. आणि गंमत म्हणजे त्यातले बरेच हात पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टचं बटण दाबणारे असतात!

वेळ बघायला मोबाईल आहे. ग्राउंडवर चार राऊंड मारायला कुठलाही पट्टा लागत नाही. मग ही वस्तू आपण घेतो तरी का?

"स्वस्त झाली म्हणून" हे उत्तर लगेच येईल, आणि ते अर्धं खरं आहे. १९८२ साली फिनलंडच्या पोलार कंपनीनं ठोके मोजणारं बिनतारी यंत्र बाजारात आणलं, तेव्हा ते खेळाडूंसाठी होतं. २००७ साली अमेरिकेत फिटबिट कंपनी सुरू झाली आणि पुढे हे वेड सामान्य माणसापर्यंत पोचलं. भारतात २०१५ साली शाओमीचा मी बँड ९९९ रुपयांना आला आणि ही चीज हॉस्टेलच्या खिशाला परवडू लागली. आयडीसी या बाजार-संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ५ कोटींहून जास्त स्मार्टवॉच बाजारात गेली. पण २०२४ मध्ये हाच आकडा साधारण साडेतीन कोटींवर आला. वस्तू तर अजूनही स्वस्तच होती! म्हणजे नुसत्या किमतीनं हे कोडं सुटत नाही.

या विषयावर मॅनेजमेंटवाल्यांनी बराच विचार करून ठेवलाय. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली एक साधं मॉडेल मांडलं. नवं तंत्रज्ञान समोर आलं की माणूस मनात दोन प्रश्न विचारतो : याचा मला उपयोग आहे का? आणि हे वापरायला सोपं आहे का? हे मॉडेल ऑफिसातल्या कॉम्प्युटरसाठी होतं. व्यंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली सामान्य ग्राहकाचा विचार करून त्यांच्या मॉडेलमध्ये आणखी तीन गोष्टी घातल्या : मजा, पैशाचा मोबदला आणि सवय. आजूबाजूचे लोक काय म्हणतात हा मुद्दा त्यात आधीपासून होताच.

आता हे आपल्या विंगला लावून बघा. सोपेपणात पट्ट्याचा हात कुणी धरू शकत नाही. डायरीत व्यायाम लिहायचा तर पेन शोधावं लागतं. पट्टा मात्र तुम्ही झोपलात तरी नोंद ठेवतो. मजा तर आहेच. रात्री "आज तुझे किती झाले?" ही चर्चा सबमिशनपेक्षा जास्त रंगते. आणि आजूबाजूचे लोक? एकानं घेतला की पंधरा दिवसांत अख्ख्या विंगच्या हातावर! एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ सालच्या आपल्या पुस्तकात म्हटलं होतं की जी नवी गोष्ट चारचौघांना दिसते ती लवकर पसरते. तुम्ही पहाटे उठून सूर्यनमस्कार घातले तर ते रूममेटलाही कळत नाही. पट्टा मात्र दिवसभर सगळ्यांना सांगत असतो की हा माणूस तब्येतीची काळजी घेतो.

आपल्या स्टाफमधल्या मंडळींचं कारण जरा वेगळं. चाळिशी ओलांडली की शुगर आणि बीपी हे शब्द घरात शिरतात, डॉक्टर म्हणतात "चालत जा", आणि मुलं वाढदिवसाला पट्टा आणून देतात. त्यात कोविडच्या दोन वर्षांनी घराघरात ऑक्सिजनची टक्केवारी बघायची सवय लावली. आपल्याकडे हौस, त्यांच्याकडे धास्ती. पट्टा दोघांच्याही हातावर.

माझं म्हणणं असं की ही जवळजवळ सगळी कारणं विकत घेण्याच्या दिवसाची आहेत. त्या दिवशी आपण पैसे देतो ते उद्यापासून पहाटे उठणाऱ्या, वडापाव सोडलेल्या, सिंहगड न थांबता चढणाऱ्या 'मी'साठी. अशी इच्छा असण्यात काही वाईट नाही, उलट ती हवीच. पण तिसऱ्या महिन्यात कामाला येते ती एकच गोष्ट, सवय. आणि सवय डब्यातून निघत नाही.

पट्टा अगदीच कुचकामी आहे असं मात्र नाही. २०२२ साली 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं की अशी साधनं वापरणारे लोक दिवसाला सरासरी १८०० पावलं जास्त चालतात. दुसरी बाजूही बघा. २०१६ साली अमेरिकेत १८ ते ३५ वयाच्या ४७१ वजनदार मंडळींवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. आहार-व्यायामाचं मार्गदर्शन सर्वांना होतं. पुढे एका गटाला पट्टा दिला, दुसऱ्यानं स्वतःच नोंदी ठेवल्या. पट्टेवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं, तर बिनपट्टेवाल्यांचं ५.९ किलो! चालणं वाढवायला पट्टा मदत करतो, पण बाकीचं काम तो आपल्यासाठी करत नाही.

शिवाय या मास्तरचं पेपर तपासणंही समजून घ्या. आपण इंजिनिअर आहोत, हे आपल्याला कळायला हवं. आत बसलेला ॲक्सेलरोमीटर हाताच्या हेलकाव्यावरून पाऊल ओळखतो. पाण्यानं भरलेली बादली घेऊन तुम्ही तीन जिने चढलात तर हात स्थिर राहतो आणि मेहनत जमेला धरली जाईलच असं नाही. उलट नुसते हातवारे करूनही काही पावलं पदरात पडतात. आणि ते १०,००० पावलांचं टार्गेट? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये एक पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', अर्थ दहा हजार पावलांचा मीटर. तिथून तो आकडा जगभर गेला. २०१९ साली वयस्कर स्त्रियांवर झालेल्या अमेरिकन अभ्यासात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास फायदा स्थिरावला. तेव्हा ८,००० वर दिवस संपला म्हणून नापास झाल्यासारखं तोंड करू नका. ही पासिंगची रेघ आखली होती दुकानदारानं!

अजून एक गोष्ट, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपण दुकानात पैसे देतो आणि नंतर रोज माहिती देतो. स्ट्राव्हा या ॲपनं २०१७ साली धावणाऱ्यांच्या मार्गांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. काही महिन्यांत लोकांच्या लक्षात आलं की त्यात परदेशातल्या लष्करी तळांच्या आतल्या वाटासुद्धा उमटल्या आहेत. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉन हॅन्कॉक या विमा कंपनीनं सगळ्या आयुर्विमा पॉलिसींना हालचाल नोंदवण्याची योजना जोडायचं जाहीर केलं. भाग घेणं ऐच्छिक, घेतला तर सवलत. आज सवलत आहे, उद्या ती अट झाली तर? आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला खरा, पण न वाचता 'मान्य आहे' दाबणारं बोट आपलंच असतं ना?

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. घरून आलेल्या मनिऑर्डरवर, म्हणजे आजच्या भाषेत यूपीआयवर, हात मारण्यापूर्वी पंधरा दिवस उसना पट्टा वापरून बघा. कुणाच्या ना कुणाच्या ड्रॉवरमध्ये चार्जिंग संपलेला एखादा नक्की पडलेला असेल. आपला जिमखाना रॅकेट देतो, कॅरम देतो, मग सही करून नेता येतील असे चार-पाच पट्टे ठेवायला काय हरकत आहे? परत करताना माहिती पुसायची, एवढी एकच अट. सोळाव्या दिवशी स्वतःला विचारा : यामुळे मी एक तरी जिना जास्त चढलो का? चढला असाल तर खुशाल विकत घ्या, पैसे वसूल आहेत. नसाल चढला तर तेवढ्या पैशात एक बरे बूट घ्या.

मास्तर कितीही चांगला असला तरी अभ्यास विद्यार्थ्यालाच करावा लागतो. आणि हा अभ्यास पायांचा आहे!