ओंडक्यातून आलेलं ‘लॉग इन’

मुलांनो, परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, “बाई, लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका ना? मग लॉग इन म्हणजे ओंडक्यात शिरायचं?” सगळा वर्ग हसला. पण प्रश्न अगदी बिनतोड होता हं! ‘लॉग इन’मधला लॉग खरोखरच लाकडाचा आहे.

शिडाच्या जहाजांच्या काळात वेग कसा मोजत असतील? समुद्रात ना मैलाचे दगड, ना झाडं. इंग्रज खलाशी काय करत, तर लाकडाचा तुकडा लांब दोरीला बांधून जहाजाच्या मागे पाण्यात टाकत. त्यालाच ते लॉग म्हणत. लाकूड जवळजवळ जागच्या जागी राही, जहाज पुढे जाई आणि दोरी भराभरा सुटे. विल्यम बोर्न या इंग्रजानं १५७४ साली या युक्तीचं वर्णन लिहून ठेवलंय. पुढे दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारू लागले. वाळूचं छोटं घड्याळ साधारण अर्ध्या मिनिटात रिकामं होई. तेवढ्यात हातातून किती गाठी गेल्या ते मोजलं, की कळला वेग! गाठीला इंग्रजीत ‘नॉट’ म्हणतात, म्हणून जहाजाचा वेग आजही नॉटमध्येच सांगतात. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. २०२२ साली नौदलात आलेली आपली ‘विक्रांत’ सुमारे २८ नॉट वेगानं जाऊ शकते. किलोमीटर तुम्हीच काढा!

हा वेग ज्या वहीत लिहीत, ती लॉगबुक. हळूहळू तिच्यात वारा, दिशा, सगळंच येऊ लागलं आणि ‘लॉग’ म्हणजे नोंद करणं असा अर्थ रुळला. लाकूड गेलं, नोंद उरली! १९६०नंतर एकच मोठा संगणक अनेक जण वापरू लागले, तेव्हा कोण आलं, कोण गेलं याची नोंद हवीच. नाव नोंदवून आत जायचं ते लॉग इन, बाहेर पडायचं ते लॉग आउट. आम्ही शिक्षक मस्टरवर सही करतो ना, तसंच.

आता समजा, शाळेच्या संगणकावर लॉग आउट न करताच तुम्ही डबा खायला पळालात. मागून बसलेल्यानं काहीही उद्योग केला, तरी नोंद तुमच्याच नावावर! पालकांनो, झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरताना तुमचंही हेच होतं बरं का.

आणि हो, भूतकाळात ‘लॉग्ड इन’ लिहायचं, ‘लॉगिन्ड’ नव्हे.

पुढच्या आठवड्यासाठी कोडं: फोन ठेवण्याला इंग्रजीत ‘हँग अप’, म्हणजे टांगणं, का म्हणत असतील? आजोबांना विचारून बघा.