उरलेला रंग कशात ठेवावा?

घराची रंगरंगोटी आटोपून रंगारी आपला हिशेब घेऊन गेला, म्हणजे कोपऱ्यात तीनचार डबे मागे राहतात. एकात अर्धा लिटर तेलरंग, दुसऱ्यात थोडेसे वार्निश, तिसऱ्यात चार बोटे डिस्टेंपर. वस्तू पैशाची, टाकून देववत नाही. मग स्वयंपाकघरातील रिकामी बरणी किंवा सरबताची बाटली पुढे येते आणि उरलेला माल तिच्यात भरला जातो. वाचकहो, ही काटकसर शहाणपणाची वाटली, तरी चूक नेमकी येथेच होते.

टर्पेंटाइन पाण्यासारखे दिसते आणि पातळ वार्निश मधासारखे. लहान मूल चिठ्ठी वाचीत नाही. ते बाटली ओळखते. म्हणून पहिला नियम असा, की ज्या भांड्यात एकदा खाण्यापिण्याचा पदार्थ होता, त्यात रंग, वार्निश अथवा थिनर कधीही भरू नये. दुधाच्या भुकटीचा डबाही त्यातच आला. दुर्दैवाने मुलाने टर्पेंटाइन किंवा थिनर प्यायलेच, तर त्याला ओकारी काढावयास लावू नये. ओकताना ते द्रव्य फुप्फुसांत उतरून अधिक घात करते. मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि ती बाटलीही बरोबर घ्यावी.

आता टिकाऊपणाचे पाहू. तेलरंग आणि तेलाचे वार्निश ही पाणी उडून वाळतात, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्यांतील तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. डब्यात वर धरणारी जाड साय ती हीच. चार लिटरच्या डब्यात अर्धा लिटर रंग उरला, तर त्याच्यावर साडेतीन लिटर हवा राहते, आणि ती रंग बिघडविण्यास पुरेशी आहे. यास्तव असा रंग मलमलीच्या फडक्यातून गाळून, दाबून बसणाऱ्या झाकणाच्या लहान पत्र्याच्या डब्यात भरावा. त्याच जातीच्या रंगाचा लहान डबा रिकामा झाला असल्यास तो स्वच्छ करून कोरडा केला की काम भागते. उन्हाळ्यात द्रव पदार्थ प्रसरण पावतात, म्हणून वर बोटभर जागा मात्र सोडावी.

डिस्टेंपर आणि इमल्शन यांचा मामला निराळा. त्यांत पाणी असल्यामुळे साध्या पत्र्याला गंज चढतो आणि पांढऱ्या रंगात तांबूस कण उतरतात. त्यांना घट्ट झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा डबा योग्य. रंगाऱ्याने पाणी घालून पातळ केलेला रंग मूळ डब्यात परत ओतू नये. तो लवकर नासतो व सर्वच मालाला दुर्गंधी आणतो. याउलट थिनर पातळ प्लॅस्टिकमध्ये ठेवू नये. काही जातींचे प्लॅस्टिक त्याने मऊ पडते, काही तर विरघळते.

लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश लोखंडाच्या स्पर्शाने काळवंडते. त्याला घट्ट बुचाची काचेची बाटली घ्यावी, आणि तीही औषधाची किंवा सरबताची नव्हे. हे पॉलिश काही महिन्यांनी नीट वाळेनासे होते. म्हणून लागेल तेवढेच करावे. हार्डनर मिसळून वापरावयाचे वार्निश एकदा कालविले की साठविता येत नाही. न मिसळलेले दोन्ही भाग आपापल्या मूळ डब्यांतच ठेवावेत.

डबा कितीही चांगला असला, तरी खरी राखण झाकण करते. काठाच्या खाचेत साचलेला रंग फडक्याने पुसावा, झाकणावर लाकडाचा ठोकळा ठेवून चहूकडून हलकेच ठोकावे. नंतर डब्यावर चिठ्ठी चिकटवावी : रंगाचे नाव, छटेचा क्रमांक, कोणत्या खोलीचा, केव्हाचा. मूळ डब्यावरील धोक्याची सूचनाही तीवर उतरून घ्यावी.

डबे चूल, देवघरातील समई आणि उन्हाची खिडकी यांपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलुपबंद जागी ठेवावेत. वापरलेला थिनर मोरीत ओतू नये. माळ्यावर जुने डबे असतील, तर त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे अधिक असू शकते, आणि शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. असा रंग पाळण्याला, खेळण्याला किंवा खिडकीला लावण्याचा मोह टाळावा. धोकादायक कचरा वेगळा घेण्याची सोय आपल्या नगरपालिकेत कोठे आहे ते विचारून तो तेथे द्यावा.

पुढच्या पावसाळ्यानंतर दाराच्या चौकटीची खपली निघेल, तेव्हा नवा डबा न आणता हाच अर्धा लिटर उपयोगी पडेल. तोवर तो सुकता कामा नये आणि कोणाच्या पोटातही जाता कामा नये. डबा निवडताना एवढ्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर काटकसर आणि सुरक्षितता दोन्ही साधतील.