मुक्काम लालबागला, सफर रोज नवी



वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून होतात न होतात तोच घराघरांत एक विषय सुरू होतो, यंदा सुटीत कुठे जायचे? ज्यांची मुले आखातात किंवा इंग्लंडात नोकरीला आहेत, त्यांच्या गप्पांत हल्ली युरोपही येऊ लागला आहे. तिथे उन्हाळा घालवण्याची एक पद्धत ऐकण्यासारखी आहे. रोज नवे गाव, रोज नवे हॉटेल, रोज बॅगा भरणे आणि सोडणे, असे ती मंडळी करत नाहीत. एखाद्या शहरात आठवडाभर खोली घ्यायची, सकाळी तिथून निघायचे, एखादे तळे किंवा डोंगर पाहायचा आणि रात्री झोपायला परत त्याच खोलीवर यायचे. स्वित्झर्लंडमधले ल्युसर्न शहर यासाठी प्रसिद्ध आहे. शहराला लागूनच तळे आहे, तळ्यात बोटी चालतात. बोटीने पलीकडे विट्झनाऊला उतरले की रीगी डोंगरावर जाणारी छोटी रेल्वे मिळते. ती 1871 मध्ये सुरू झाली आणि युरोपातली ती पहिली डोंगरी रेल्वे. सकाळी निघालेला माणूस बोट, रेल्वे आणि डोंगर करून संध्याकाळी खोलीवर हजर असतो.

हे ऐकून कुणी सुस्कारा सोडू नये. पाणी, बोट, डोंगर आणि डोंगर चढणारी छोटी गाडी, हे सगळे आपल्या मुंबईच्या हाताशी आहे. आणि एका ठिकाणी बिऱ्हाड ठेवून फिरण्याची रीतही आपल्याला नवी नाही. गिरण्या जोरात चालू होत्या तेव्हा गावाकडून येणारा माणूस लालबाग, परळ, गिरगावातल्या कुणा नातेवाइकाच्या खोलीवरच उतरायचा. आजही रत्नागिरी, महाड, औरंगाबाद, सोलापूरकडची कुटुंबे मे महिन्यात मामूंकडे किंवा खालाकडे येतात. मात्र आल्यावर होते काय? दोन दिवस चौपाटी आणि बाजार, आणि उरलेले दिवस पंख्याखाली मोबाइल. मेहमान कंटाळतात, घरची बाई थकते आणि निरोपाच्या दिवशी दोघांनाही हायसे वाटते.

सुटीनंतर आम्ही वर्गात निबंध लिहायला देतो. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने मुंबईच्या मुक्कामाचे छान वर्णन केले होते. समुद्र, डबल डेकर बस, पेंग्विन, सगळे होते. शेवटी तिने सहज एक ओळ लिहिली होती की अम्मी आणि मामी घरीच होत्या. तिला त्यात वावगे काही वाटले नव्हते. आम्हाला मात्र त्या ओळीपुढे गुण लिहिताना थोडे थांबावे लागले. एक बाई पाहुणी म्हणून आलेली, दुसरी यजमान, आणि आठ दिवस दोघी ओट्यापाशी. म्हणून आमचे म्हणणे आहे की मुक्कामाची आखणी नकाशापासून नव्हे, यजमानाच्या स्वयंपाकघरापासून सुरू करावी.

मेहमाननवाजीबद्दल रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची शिकवण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मेहमानाचा हक्क तीन दिवसांचा, त्यापुढे यजमान जे करील तो सदका. आणि यजमानाला अडचणीत टाकण्याइतके राहणे मेहमानाला जायज नाही. यातला पहिला भाग आपण आवडीने सांगतो, दुसरा सोयीने विसरतो. लालबागच्या चाळीतली खोली डोळ्यांसमोर आणा. पाणी सकाळी ठरलेल्या वेळी येते, संडास मजल्यावर सामाईक, आणि घरातल्या कर्त्या माणसाला लवकर कामावर निघायचे असते. टॉवरमध्ये घर मिळाले असेल तरी खोल्या दोनच. तिथे पाच माणसे वाढली की काय होते, हे सांगायला नको.

तेव्हा येण्याआधी फोनवर चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. किती जण, किती दिवस, कोण कुठे झोपणार आणि सकाळी आंघोळीचा क्रम काय. गावाहून येताना तांदूळ, कोकम, आंबे आणावेत. चौथ्या दिवसापासून मटण, भाजी, दूध आणि गॅसचा खर्च पाहुण्यांनी उचलावा. यजमान नको म्हणणारच, पण पैसे हातावर ठेवण्यापेक्षा सकाळीच बाजार करून आणला की प्रश्न मिटतो. रात्रीची भांडी पाहुण्यांकडच्या मुलांनी घासावीत, मुलग्यांनीसुद्धा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरच्या बाईने निदान दोन सहलींना सोबत आलेच पाहिजे. त्या दिवशी चूल बंद. आदल्या रात्री सर्वांनी मिळून पराठे, अंडी, सुकी भाजी करून डबे भरावेत. बाहेर हलाल कुठे मिळेल याची चिंताही त्यात मिटते.

आता वारांचा हिशेब. मुंबईत वार न पाहता निघालेला माणूस बंद दारापाशी पोहोचतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो आणि सगळीकडे गर्दी. शुक्रवारी पुरुषांना जुम्याची नमाज आहे. हे चार वार सांभाळले की आठवडा आपोआप बसतो. शनिवारी यावे, रविवारी आराम करावा. सोमवारी माथेरान, मंगळवारी राणीची बाग, बुधवारी अलिबाग आणि चौल, गुरुवारी घरीच, शुक्रवारी शहर, शनिवारी घारापुरी आणि रविवारी परतीची गाडी. एका मोठ्या सहलीनंतर एक हलका दिवस ठेवलाच पाहिजे, नाहीतर नानी आणि लहान मुले दोघेही तिसऱ्या दिवशी झोपून राहतात.

सोमवारचे माथेरान आधी का? ते सर्वांत थकवणारे आहे आणि पाय ताजे असताना करावे म्हणून. फजरनंतर निघून करी रोडहून दादर आणि दादरहून कर्जत लोकल पकडावी. उतरायचे नेरळला. तिथून माथेरानची छोटी गाडी निघते. रूळ अवघे दोन फूट रुंद, अंतर सुमारे 20 किलोमीटर, आणि चढ थेट आठशे मीटरच्या आसपास. ही गाडी कुणी बांधली, हे मुलांना जरूर सांगावे. सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्याने पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम उभे केले. काम 1904 मध्ये सुरू झाले, गाडी 1907 मध्ये धावली, खर्च आला 16 लाख रुपये. गिरगावात चर्नी रोडला त्यांच्याच नावाचे सॅनेटोरियम आहे. आपली मुले इतिहासाच्या पुस्तकात आपले नाव शोधतात आणि पुष्कळदा हिरमुसतात. इथे तर ती त्या नावाच्या रुळांवर बसून डोंगर चढतात.

गाडीत जागा थोड्या असतात. तिकीट न मिळाल्यास नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे. त्यापुढे टॅक्सी-मोटार नेता येत नाही. बाजारपेठ तिथून अडीच किलोमीटरच्या आसपास. जवळच्या अमन लॉज स्थानकावरून माथेरानपर्यंत गाडीची शटल मिळते, नाहीतर ई-रिक्षा, घोडा किंवा चालत. नानींना चालवू नये, शटल किंवा रिक्षा घ्यावी. डबा उघड्यावर सोडू नये, माकडे टपलेली असतात. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद ठेवतात, म्हणून मे महिनाच बरा.

बुधवारची सफर समुद्राची. गेटवेहून मांडव्याची लाँच साधारण तासाभरात पलीकडे सोडते आणि तिकिटातच अलिबागपर्यंतची बस मिळते. या लाँच मेअखेरीस पावसाळ्यासाठी बंद होतात, तेव्हा तारीख त्याआधीची धरावी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोटही जाते, लालबागकरांना ती जवळची. अलिबागहून एसटीने चौल आणि रेवदंडा गाठावे. आज चौल म्हणजे नारळी-सुपारीच्या वाड्यांतले शांत गाव. पण अरब प्रवासी ज्याला सैमूर म्हणत ते बंदर हेच. इतिहासकार अल-मसऊदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास इथे आला होता आणि त्याने इथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे लिहून ठेवले. बगदादहून आलेले, ओमान आणि बसऱ्याहून आलेले आणि इथेच जन्मलेले, असे सगळे त्या वस्तीत होते. तुम्ही इथले कधीपासून, असा प्रश्न आपल्या मुलांना शाळेत, मैदानात कुणीतरी विचारतोच. वाद घालण्यापेक्षा त्यांना चौलच्या वाडीत उभे करून हे सांगितलेले बरे. त्यांचा आवाज न चढवताही उत्तर देता येते.

मुरूड-जंजिऱ्याचा मोह मात्र या दिवशी टाळावा. लालबागहून जाऊन त्याच रात्री परत येणे मुलांच्या आणि वृद्धांच्या जिवावर येते. त्यासाठी एक रात्र मुरूडला राहण्याची वेगळी सफर आखावी. किनाऱ्यावर भरती-ओहोटी स्थानिक माणसाला विचारूनच पाण्यात उतरावे, आणि शेवटची लाँच किती वाजता हे जातानाच विचारून ठेवावे.

शुक्रवारी सकाळी क्रॉफर्ड मार्केटजवळची जुमा मस्जिद. 1802 मध्ये पूर्ण झालेली ही मस्जिद जुन्या तलावावर उभी आहे, आजही आत पाणी आहे आणि त्यात मासे आहेत. नमाजनंतर जेवून माहीमला जावे. मखदूम अली माहिमी (1372 ते 1431) यांनी इथे बसून अरबीत कुरआनची तफसीर लिहिली, हे पुष्कळ माहीमकरांनाही ठाऊक नसते.

शनिवारची घारापुरी सर्वांची. यजमानाला सुटी असते, म्हणून दोन्ही घरे एकत्र निघावीत. गेटवेहून लाँचने तासभर, मग सुमारे 120 पायऱ्या. लेणी 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मुलांना आणखी एक गोष्ट दाखवावी. मुंबईच्या दिव्यांसमोर असूनही या बेटावर कायमची वीज 2018 मध्ये, समुद्राखालून केबल टाकून पोहोचली. शहराचा उजेड किती जवळ असून किती दूर असू शकतो, याचा हा धडा वहीत लिहिण्याजोगा आहे.

नमाजबद्दल वाचक विचारतात. बाहेरून आलेल्या हनफी मेहमानाचा मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असेल तर तो मुसाफिर, त्याने कस्र करावी. कोकणातली आपली बरीच घरे शाफई आहेत. त्यांच्याकडे येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस किंवा अधिक राहण्याची नीयत असेल तर पहिल्या दिवसापासून पूर्ण नमाज. एकाच खोलीत दोन पद्धती दिसल्या तर मुलांनी गोंधळू नये, शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. सोबत एक चटई आणि वजूसाठी पाण्याची बाटली ठेवावी. मुंबई आणि कोकणातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर असरला उभे राहिलात तर समोर समुद्रच असतो. मेमध्ये मगरिब सातच्या सुमारास होते. ल्युसर्नला जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि इशासाठी मुलांना जागवत बसावे लागते. आपल्याकडे ती अडचण नाही.

सूरह अन्कबूतच्या विसाव्या आयतमध्ये जमिनीवर फिरण्याचा आणि अल्लाहने निर्मिती कशी सुरू केली ते पाहण्याचा हुकूम आहे. तो पुरुषांना वेगळा आणि बायकांना वेगळा दिलेला नाही. बुरखा घालून माथेरानच्या गाडीत किंवा मांडव्याच्या लाँचमध्ये बसताना आपल्या बहिणींनी संकोचू नये. ती रेल्वे कुणी उभी केली आणि चौलच्या बंदरात कोण राहत होते, हे आता त्यांनाही ठाऊक आहे.

शेवटचे एक. रविवारी निघताना मुलांकडून मामींना एक कार्ड लिहून घ्या, आणि त्याच दिवशी त्यांना पुढच्या सुटीचे आमंत्रण द्या. नुसते 'या कधीतरी' म्हणू नका, महिना सांगा. लालबागच्या खोलीत वर्षभर राहणाऱ्या बाईलाही आठ दिवस अंगणात बसून दुसऱ्याच्या हातचा चहा पिण्याचा हक्क आहे. त्या आठ दिवसांत तिला तुमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवू देऊ नका.