शिक्का कागदाचा, खात्री कोणाची?

पावसाळा लागला की गॅलरीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके दिसू लागतात. लिंबाच्या फुलपाखराच्या या अळ्या. काही दिवसांत त्या हिरव्यागार होतात, फुगतात आणि बघता बघता फांदी ओकीबोकी करून टाकतात. झाड घरचे असेल तर अळी काडीने उचलून बाजूला केली जाते आणि कुरतडलेली पाने तशीच फोडणीत पडतात. विकायला लावलेल्या कढीपत्त्याला ही मुभा नाही. भोके पडलेल्या पानाला बाजारात कोणी हात लावत नाही, म्हणून फवारा येतो. भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीबरोबर जी काडी सहज पिशवीत टाकते, त्याच कढीपत्त्यावर युरोपीय संघाने कीटकनाशकांच्या अंशांसाठी वाढीव तपासणी लावलेली आहे.

घरचे आणि बाजारचे यांतला फरक एवढा सरळ असताना मधे एक तिसरी गोष्ट आली आहे: ‘सेंद्रिय’ असा शिक्का असलेले महागडे पाकीट. अनेक घरांत त्याला सगळ्यांत वरचा मान मिळतो. गावाहून आलेल्या तांदळाबद्दल शंका घेतली जाते, पण पाकिटावरचे हिरवे चिन्ह पाहिले की प्रश्न संपतात. हा विश्वास चुकीच्या जागी ठेवला जातो आहे. शिक्का खोटा असतो असे नाही. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हेच ग्राहकाला कोणी समजावलेले नाही.

भारतात सेंद्रिय प्रमाणीकरणाची मुख्य व्यवस्था म्हणजे २००१ साली सुरू झालेला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. तो केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत असून ‘अपेडा’ ही निर्यात विकास संस्था तो राबवते. त्याचा जन्म निर्यातीच्या गरजेतून झाला, हे लक्षात ठेवले की पुढचे बरेच उलगडते. हंगामी पिकांसाठी पेरणीआधी साधारण दोन वर्षे आणि फळबागांसारख्या बहुवर्षीय पिकांसाठी तीन वर्षे जमीन रसायनांपासून दूर ठेवावी लागते. बियाणे कुठले, खत कुठून आणले, काय आणि कधी फवारले, किती माल निघाला, तो कुठे साठवला याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. निरीक्षक येतो, वही तपासतो, शिवार फिरतो. शेजारच्या कापसावरची फवारणी वाऱ्याने आपल्या तुरीवर येऊ नये म्हणून बांधालगत पट्टा सोडला आहे का, हेही पाहतो.

म्हणजे प्रमाणपत्र दिले जाते ते पद्धतीला. हातातल्या प्रत्येक पाकिटाची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नसते आणि ‘सेंद्रिय’ याचा अर्थ ‘काहीच फवारलेले नाही’ असाही होत नाही. कोकणातले बागायतदार सुपारीवर कोळेरोगासाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. तांब्याची अशी बुरशीनाशके सेंद्रिय नियमांत मर्यादा घालून चालतात. गंधक चालतो, निंबोळी अर्क चालतो. कायद्यालाही शून्याची अपेक्षा नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय अन्नात कीटकनाशकाचा अंश नेहमीच्या कमाल मर्यादेच्या पाच टक्के किंवा उपकरणाने मोजता येईल इतका, यांपैकी जो जास्त असेल तिथपर्यंत चालतो. बाजूच्या शेतातून आणि पाण्यातून काय येईल यावर शेतकऱ्याचा पूर्ण ताबा नसतो, हे पाहता ही सवलत रास्त आहे. मात्र पाकीट विकणारे ‘शंभर टक्के शुद्ध’ म्हणतात, तेव्हा ते नियमापलीकडचे काहीतरी विकत असतात.

पौष्टिकतेचा दावाही असाच ताणला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्न लक्षणीयरीत्या अधिक पौष्टिक असल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र त्यात कमी आढळले. अंश कमी असणे ही मोठीच गोष्ट आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. विषारी फवारणी टळली तर खाणाऱ्याआधी पंप पाठीवर घेणारा वाचतो. सेंद्रिय शेतीच्या बाजूने एवढे एकच कारण असते, तरी पुरे होते.

कागदावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेची मेख अशी, की कागद खोटा करता येतो. २०२० मध्ये सेंद्रिय कापडासाठीच्या ‘गॉट्स’ या जागतिक मानक संस्थेने भारतात सुमारे २०,००० टन कापूस बनावट प्रमाणपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून दाखवला गेल्याचे उघड केले. त्याच वर्षी युरोपात पोहोचलेल्या भारतीय तिळात एथिलीन ऑक्साइड हे तिथे अन्नावर बंदी असलेले रसायन सापडले आणि त्यात सेंद्रिय म्हणून गेलेला तीळही होता. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेने ‘अपेडा’च्या सेंद्रिय मान्यतेवर विसंबणे थांबवत असल्याचे जाहीर केले. या सगळ्यात प्रामाणिकपणे वही लिहिणारा शेतकरी भरडला गेला.

मग घरचे तेच खरे, असे म्हणून मोकळे होता येईल का? तेही नाही. रोपवाटिकेतून आणलेले कीटकनाशक कुंडीत अंदाजाने ओतून चौथ्या दिवशी मेथी खुडणारे लोक शहरात कमी नाहीत. शेतकऱ्याला निदान फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत हे ऐकून तरी ठाऊक असते. मुंबईत रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक शहरातलाच, अगदी हाकेच्या अंतरावरचा. म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. घरच्या भाजीचे मोल अंतरात नसते, माहितीत असते. माती कुठली, पाणी कुठले, काय घातले, हे खाणाऱ्याला ठाऊक असते. प्रमाणपत्र नेमकी हीच माहिती अनोळखी माणसापर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न करते. जिथे ओळख आहे तिथे त्याची गरज नाही आणि जिथे ओळख नाही तिथे त्याच्याशिवाय गत्यंतर नाही.

या दोहोंच्या मधली एक वाट सरकारदरबारी उपलब्ध आहे, पण तिची चर्चा होत नाही. ‘पीजीएस-इंडिया’ या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो आणि एकमेकांची हमी घेतो. कोणी लपूनछपून युरिया टाकला तर बांधावरच्या शेजाऱ्याला ते वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकाच्या आधी कळते. हे प्रमाणपत्र निर्यातीला चालत नाही, पण देशात विक्रीला चालते. शिवाय २०१७ च्या नियमांनी थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट दिली आहे. ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय अन्नाचे सरकारी चिन्ह तेवढे त्याला वापरता येत नाही. शिक्क्याशिवायही विश्वास मिळवता येतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामावर लोकांचा विश्वास बसला तो वाल, घेवड्याचे बियाणे हातात घेऊन पाहिल्यावर.

खरा अन्याय वेगळाच आहे. जो विष वापरत नाही त्याने वर्षानुवर्षे वही लिहायची, शुल्क भरायचे आणि रूपांतराच्या काळात कमी उत्पन्न सोसून माल साध्या भावात विकायचा. जो भरमसाट फवारतो त्याला पाकिटावर एक ओळही लिहावी लागत नाही. पुराव्याचे ओझे उलट्या खांद्यावर टाकले गेले आहे. बाजार समित्यांत आवक होणाऱ्या भाजीचे नमुने नियमितपणे तपासून निकाल फलकावर लावले, फवारणीच्या नोंदी सगळ्यांनाच सक्तीच्या केल्या आणि सहभागी हमी गटांना शहरांच्या आठवडी बाजारात हक्काची जागा दिली, तर हे ओझे थोडे तरी वाटले जाईल.

तोपर्यंत ग्राहकाला करण्यासारखे बरेच आहे. पाकीट घेताना ‘जैविक भारत’चे चिन्ह आणि प्रमाणन संस्थेचे नाव शोधावे, नुसत्या ‘नैसर्गिक’, ‘गावरान’ या शब्दांवर जाऊ नये. भाजी घेताना ती कुठून आली आणि शेवटची फवारणी कधी झाली, हे विचारावे. आणि एखादी बाई भोके पडलेला कढीपत्ता घेऊन बसली असेल, तर तिच्याकडे जरा थांबावे, चौकशी करावी आणि पटले तर ती जुडी पूर्ण भावाने घ्यावी.