घर सोडताना खिडक्या पुसा (आणि स्वतः पुसा!)

मागच्या महिन्यात आम्ही मुलुंड पूर्वेचं भाड्याचं घर सोडलं आणि बोरिवलीला आलो. चार वर्षं, सहावा मजला, सात खिडक्या. टेम्पो सकाळी अकराला गेला, किल्ल्या संध्याकाळी द्यायच्या होत्या. मधल्या वेळात मी खिडक्या पुसल्या. बस्स, एवढंच केलं. पण त्यावरून जे ऐकून घेतलं ते ऐकलंत तर तुम्हालाही वाटेल की मी मालकाला किडनी काढून दिली.

मावसबहीण म्हणाली, "वेडी आहेस का? तो रंग काढणारच आहे." ऑफिसातला मित्र म्हणाला, "डिपॉझिट कापायचं ते कापतातच, मग आपण कशाला राबायचं?" आणि शेजारच्या काकूंनी सर्वात सोपा उपाय सांगितला, "बाईला पाचशे रुपये दे, ती करेल."

तीनही मुद्द्यांना उत्तर द्यायचंच आहे. एकेक घेते.

आधी रंगाचं. रंगारी भिंत रंगवतो, खिडकीचा ट्रॅक साफ करत नाही. उलट ट्रॅकमधल्या धुळीवर प्रायमरचे थेंब पडतात आणि तिचा दगड होतो. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, बघितलीत कधी? पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये येणारच असतं. त्या भोकांतून ते बाहेर जावं अशी योजना असते. धूळ, केस आणि कबुतराची पिसं यांनी ती बुजली की पाणी ट्रॅकमध्ये साचतं आणि जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीला आत उतरतं. मग खिडकीखालच्या भिंतीला फुगे येतात. तोवर आपण दुसऱ्या उपनगरात असतो, आणि मालक नव्या भाडेकरूला म्हणतो, "तुम्ही खिडकी उघडी ठेवलीत." म्हणजे चार वर्षांची आपली घाण आणि बोलणी खाणार तिसराच! मी खिडक्या पुसल्या त्या मालकासाठी नाहीच. पुढे येणाऱ्या, मला कधीही न भेटणाऱ्या त्या माणसासाठी पुसल्या.

आता डिपॉझिट. इथे मित्राचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. आम्हालाही "साफसफाई व किरकोळ" म्हणून चार हजार कापून मिळाले. पण मग त्यावर भांडायचं कसं, ते तरी शिकूया. आपला अकरा महिन्यांचा कागद म्हणजे लीव्ह अँड लायसन्स. भाडेपट्टा असता तर १८८२ च्या ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम १०८ नुसार घर मिळालं तशा स्थितीत परत द्यायचं असतं, वापराने होणारी वाजवी झीज वगळून. आपलं लायसन्स मात्र इझमेंट्स ॲक्टमध्ये बसतं, त्यामुळे करारात काय लिहिलंय त्याला महत्त्व. बहुतेक करारांत झिजेचं हे वाक्य असतं, फक्त आपण सही करताना वाचत नाही. आणखी एक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. एजंट हे कधी सांगत नाही. :)

आता झीज कुठली आणि घाण कुठली? काचेवरची धूळ, ट्रॅकमधला गाळ, जाळीवरचं तेलकट काळं, हे सगळं आपलं. ते काढायचं. पण समोरच्या बांधकामाची सिमेंटची धूळ पावसात ओली होऊन काचेवर बसते, आणि सिमेंट अल्कधर्मी असल्याने काच खाते. तो पांढुरका डाग कशानेच जात नाही. खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमवर पडलेले खड्डेही जात नाहीत. ही झीज. एल.बी.एस. रोडवर मेट्रो-४ चं काम आणि गल्लीगल्लीत रिडेव्हलपमेंट, यात राहून काच नवी कोरी कशी राहील? महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी पत्र्याचं कुंपण, हिरवं कापड, पाण्याचे फवारे असे नियम काढले. ते किती पाळले जातात हे आमच्या बाल्कनीतून रोज दिसायचं. त्या धुळीचं बिल भाडेकरूच्या माथी का?

भाचा इंग्लंडमध्ये राहतो. तिथे २००७ पासून डिपॉझिटला मान्यताप्राप्त योजनेचं संरक्षण द्यावं लागतं. घर घेताना खोलीखोलीची यादी आणि फोटो, सोडताना तीच यादी पुन्हा. २०१९ च्या कायद्यानंतर "व्यावसायिक सफाईचे पैसे भराच" अशी अटही घालता येत नाही. घर मिळालं तितकं स्वच्छ परत द्या, विषय संपला. आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा काढला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नको असं आहे. पण तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू. तोवर यादी आणि फोटो आपणच काढायचे, आणि ते राहायला येण्याच्या दिवशी. मी काढले नव्हते. चार हजारांची फी भरून शिकले.

पण म्हणून "कापणारच आहेत तर घाण ठेवून जातो" हे मला पटत नाही. मालक चुकतो म्हणून आपण पुढच्या भाडेकरूवर सूड उगवायचा, हा कुठला न्याय?

आणि आता काकूंचे पाचशे रुपये. खरं तर मी लिहायला बसले ते यासाठीच.

आमच्याकडे चार वर्षं काम करणाऱ्या मावशी त्या दिवशी निरोप घ्यायला आल्या होत्या. मी किचनमध्ये होते. त्यांनी मला खिडक्या पुसताना बघितलं होतं, म्हणून मदत करावी असं त्यांना वाटलं. मी बाहेर येऊन बघते तर हॉलच्या खिडकीला ग्रिल नाही, आणि मावशी पदर खोचून बाहेरच्या छज्ज्यावर उभ्या. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात ओलं फडकं. खाली सहा मजले. मी ओरडले नाही, दचकतील म्हणून. हळूच दंड धरला आणि आत घेतलं. त्या हसल्या, "ताई, समोरच्या बिल्डिंगीत दर दिवाळीला करते की."

दर दिवाळीला! आपण बघतो आणि चहा ठेवतो. रंगाऱ्याला दोर लागतो, काच पुसणाऱ्या कंपनीच्या माणसाला पट्टा लागतो, आणि आपल्या मावशींना पाचशे रुपये पुरतात? २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण छज्ज्यावर चढू नका हे सांगायला कुठलं मंडळ घरात येणार नाही. ते आपणच सांगायचं. नुसतं सांगूनही भागत नाही. ती काच आपल्याला हवी तशी चमकली नाही तरी चालेल, हे आधी स्वतःशी मान्य करावं लागतं.

माझा नियम आता असा. आतून हात पोचेल तेवढंच पुसायचं. ग्रिल असेल तर बहुतेक सरकती दारं वर उचलून, खालची कड आत ओढून काढता येतात. दोन माणसं लागतात, म्हणून नवऱ्यालाही सुट्टी घ्यायला लावा. ट्रॅकमधली धूळ आधी कोरड्या पेंटब्रशने काढा. आधी पाणी ओतलंत तर चिखल होतो. मग जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, शेवटी काचेला वर्तमानपत्र. कबुतरांची विष्ठा मात्र उलट, कोरडी कधीच झाडू नका. तोंडाला मास्क लावून आधी भिजवा, कारण ती धूळ फुफ्फुसांना वाईट. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढं रान उठलं, ते काही उगाच नाही. आणि ग्रिल नसेल तर बाहेरची काच तशीच ठेवा. मालकाला सांगा, बाहेरून पुसायची सोय करणं हे इमारतीचं काम आहे. त्यासाठी पैसे कापले तर वाद घाला. मी घालतेय.

असो. या रविवारी इथल्या खिडक्या काढणार आहोत. आधीच्या भाडेकरूंनी ट्रॅकमध्ये एक राखी, आठ सेफ्टीपिना आणि अर्धा खडू ठेवून दिलाय. फोटो काढलेत.