ट्रॅकच्या कडेला उभा असलेला माणूस

वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर मोटारसायकल शर्यतीचा फोटो आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा पाहिला आहे. गाडी इतकी कललेली की स्वाराचा गुडघा डांबराला टेकलेला, कधी कधी कोपरही. स्वाराचे हेल्मेट आणि गाडीच्या तोंडावरचा आकडा अगदी स्वच्छ, चाके मात्र गरगरणारी आणि मागचे सारे जग रेघारेघांचे झालेले. घरातील मुले असा फोटो कापून भिंतीला चिकटवतात. स्वाराचे नाव त्यांना पाठ असते. फोटो कोणी काढला, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते नाव कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत असते. पुष्कळदा तेही नसते. काम दिसावे आणि काम करणारा दिसू नये, हा अनुभव आपल्या कष्टकरी माणसांना नवा नाही. म्हणून या आठवड्यात त्या न दिसणाऱ्या माणसाविषयी लिहावे, असे आम्ही ठरविले.

आम्ही पडलो कारकुनी करणारी माणसे, तेव्हा आधी थोडा हिशेब मांडू. मोटारसायकल ताशी १८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती एका सेकंदात ५० मीटर पुढे जाते. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या एक हजाराव्या भागापुरते उघडले, तर तेवढ्यात गाडी फक्त ५ सेंटिमीटर सरकते. फोटो बराचसा स्वच्छ येतो. मग अडचण कोठे आहे? अडचण अशी, की त्या फोटोत चाकही थांबलेले दिसते आणि रस्ताही. शर्यतीची गाडी स्टँडवर लावल्यासारखी वाटते. वेग तर फोटोत आलाच नाही!

म्हणून जाणकार फोटोवाला उलटी वाट धरतो. तो शटर मुद्दाम हळू ठेवतो. सेकंदाचा सव्वाशेवा भाग, कधी साठावा भाग. साठाव्या भागात तीच गाडी ८३ सेंटिमीटर पुढे जाते. कॅमेरा स्थिर धरला तर फोटोत नुसता रंगाचा फराटा उमटेल. त्यावर उपाय एकच. गाडी ज्या गतीने समोरून सरकते, त्याच गतीने कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायचा आणि फिरवता फिरवता कळ दाबायची. याला पॅनिंग म्हणतात. गाडी कॅमेऱ्याच्या चौकटीत एकाच जागी राहते म्हणून ती स्वच्छ येते. मागची झाडे, फलक, माणसे मागे पळतात म्हणून त्यांच्या रेघा होतात.

ऐकायला सोपे आहे, करायला कठीण. जेथे कळ दाबायची, त्या दिशेला पाय आधी रोवून ठेवायचे. कोपरे बरगड्यांना चिकटवायची. फिरायचे ते कमरेतून. हात हलवायचे नाहीत. कळ दाबली की थांबायचे नाही. फलंदाजाची बॅट चेंडू मारल्यावरही जशी पुढे जाते, तसा कॅमेरा पुढे जाऊ द्यायचा. एवढे करूनही बरेच फोटो टाकून द्यावे लागतात. पूर्वी रोलमध्ये ३६ फोटो असत आणि प्रत्येक चुकीला पैसे पडत. आता कॅमेरे एका सेकंदात वीस-तीस फोटोही काढतात, तेव्हा रोलचा खर्च गेला. पण कोठे उभे राहायचे आणि कोणता क्षण धरायचा, हे अजून माणसालाच ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० साली सुरू झालेला मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे. त्याचा एक फेरा सुमारे ३.७ किलोमीटरचा. म्हणजे एका वळणावर उभ्या असलेल्या फोटोवाल्यासमोर गाडी साधारण दोन मिनिटांनी पुन्हा येते. कसलेले स्वार दर फेरीला जवळजवळ त्याच रेषेवरून वळण घेतात. फोटोवाला पहिल्या काही फेऱ्या नुसता पाहतो. गाडी कोठे कलते, गुडघा कोठे टेकतो, मागे काय दिसते. मागे लोखंडी खांब नको, झाडांची सलग रांग असेल तर उत्तम. मग त्या जागेवर नजर आणि फोकस बांधून तो थांबतो. दुपारी डांबर तापले की त्यावरून हवेच्या लाटा उठतात आणि लांबच्या लेन्सचा फोटो पाण्यात पाहिल्यासारखा थरथरतो. म्हणून सकाळची वेळ साधायची, किंवा शक्य तितके जवळचे वळण गाठायचे.

उन्हावरून आठवले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपी ही जगातील मोठी मोटारसायकल शर्यत पहिल्यांदा भारतात झाली. जागा उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा. तेथील ट्रॅकचे नाव बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात तो आहे, त्यावरून हे नाव. मायावती मुख्यमंत्री असताना १९९७ साली हा जिल्हा निर्माण झाला आणि त्याच पुन्हा मुख्यमंत्री असताना २०११ साली या ट्रॅकवर पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. जगभरच्या दूरचित्रवाणीवर ते नाव झळकले, याचा आनंद आपल्या लोकांना होणे स्वाभाविक आहे. २०२३ च्या त्या शर्यतीत गाड्या सरळ पट्ट्यावर ताशी ३०० किलोमीटरच्या वर गेल्या. उष्मा इतका होता की शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ फेऱ्यांवर आणावी लागली. इटलीचा मार्को बेझेक्की जिंकला. दुसरा आलेला स्पेनचा होर्हे मार्टिन शर्यत संपल्यावर उष्म्याने गळून गेला. आदल्या दिवशीच्या छोट्या शर्यतीत लुका मारिनीच्या गळ्याजवळचे हाड मोडले होते. २०२४ साली ही शर्यत भारतात झाली नाही.

स्वारांच्या उष्म्याची बातमी झाली. त्याच उन्हात कित्येक किलो वजनाची लेन्स खांद्यावर घेऊन दिवसभर उभे राहणाऱ्यांची बातमी होत नसते. तक्रार म्हणून आम्ही हे लिहीत नाही. हे अंगमेहनतीचे काम आहे, एवढे आपल्या मुलांना कळावे म्हणून लिहितो.

आता धोक्याविषयी. वळणावर गाडी घसरली की ती वळत नाही. ज्या दिशेने चालली होती त्या दिशेने सरळ बाहेर फेकली जाते. म्हणून वळणाची बाहेरची बाजू सर्वांत धोक्याची. मोठ्या ट्रॅकवर तेथे खडीचा पट्टा, हवा भरलेल्या गाद्या आणि मजबूत कठडा असतो. फोटोवाल्याला ठरवून दिलेल्या जागीच आणि कठड्याच्या मागेच उभे राहावे लागते. त्याच्या अंगावर क्रमांकाचे जाकीट असते. काही जागा फोटोवाल्यांना पूर्ण बंद असतात. ट्रॅककडे पाठ करायची नाही, खाली बसकण मारायची नाही, पळायची वाट आधी पाहून ठेवायची, हे पहिले धडे. लांबच्या लेन्समधून जगाचा एक लहानसा तुकडाच दिसतो. एक डोळा त्यात गुंतलेला असताना बाजूने घसरत येणारी दुसरी गाडी दिसत नाही. म्हणून झेंड्यांची भाषा त्यालाही यावी लागते. पिवळा झेंडा म्हणजे पुढे काहीतरी घडले आहे, सावध राहा. लाल झेंडा म्हणजे शर्यत थांबली.

ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामध्ये आईल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. तेथे १९०७ पासून मोटारसायकलींची प्रसिद्ध शर्यत होते. तिचा डोंगरातला मार्ग सुमारे ६० किलोमीटरचा. तो ट्रॅक नाही, रोजच्या वापराचा रस्ताच आहे. दोन्ही बाजूंना घरे, दगडी भिंती, दिव्यांचे खांब. बॅलॉ नावाच्या ठिकाणी एका लहान पुलावर गाड्यांची दोन्ही चाके जमिनीवरून उचलली जातात आणि तो क्षण टिपायला फोटोवाले तेथे गर्दी करतात. फोटो सुंदर येतात यात शंका नाही. पण या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांचे प्राण गेले आहेत. सुंदर फोटो पाहताना ही दुसरी खातेवही मिटून ठेवता येत नाही.

ही वही फक्त परदेशातली नाही. ५ ऑगस्ट २०२३ रोजी इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नवशिक्यांच्या शर्यतीत बंगळुरूचा एक मुलगा शर्यत सुरू होताच पहिल्या वळणातून बाहेर पडताना पडला आणि दगावला. वय वर्षे १३. आयोजकांनी त्या दोन दिवसांच्या उरलेल्या शर्यती रद्द केल्या.

अशा वेळी कडेला कॅमेरा घेऊन उभा असलेल्या माणसाने काय करावे? येथे खरी कसोटी आहे. काही जण म्हणतात, कॅमेरा टाकून धावावे. आमचे मत वेगळे आहे. कठडा ओलांडून ट्रॅकवर धावणारा माणूस मागून येणाऱ्या गाड्यांखाली सापडू शकतो आणि डॉक्टरांच्या वाटेतही येतो. मदतीला शिकविलेली माणसे तेथे असतात, त्यांना त्यांचे काम करू द्यावे. फोटो निघाला असेल तर तो जपून ठेवावा. गाडी कशी पडली, मागची गाडी किती अंतरावर होती, मदत किती वेळात पोहोचली, याचा तो पुरावा ठरू शकतो. चौकशी करणाऱ्यांच्या हाती तो द्यावा. पण पडलेल्या मुलाचा चेहरा विकू नये, छापू नये आणि मोबाईलवरून पाठवू तर मुळीच नये. त्याच्या आईला बातमी कळण्याआधी फोटो गावभर फिरला, तर त्या कॅमेऱ्याला काय म्हणावे?

आणि वाचकहो, हा प्रश्न फक्त फोटोवाल्याचा राहिलेला नाही. आज प्रत्येक घरात मोबाईल आहे, प्रत्येक मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. रस्त्यात अपघात झाला की पहिला हात खिशाकडे जातो. ट्रॅकवरच्या चांगल्या फोटोवाल्याचा नियम आपणही घ्यावा. माणूस आधी, फोटो नंतर. आणि दुःखाचा फोटो पुढे पाठवायचा नाही.

आता आपल्या मुलांविषयी दोन शब्द. वस्त्यावस्त्यांत लग्नाचे आणि मिरवणुकीचे फोटो काढणारी हुशार मुले आहेत. गर्दीत जागा मिळविणे, क्षणाची वाट पाहणे, कमी प्रकाशात काम भागविणे त्यांना येते. या कामाला लागणारे निम्मे गुण त्यांच्याकडे आधीच आहेत. आंतरराष्ट्रीय शर्यतीत वापरतात त्या मोठ्या लेन्सची किंमत लाखांत असते, हे खरे. पण शिकायला ती लागत नाही. मैदानात सायकल चालविणाऱ्या भावंडांवर पॅनिंगचा सराव करावा. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी एसटी सेकंदात १० मीटर जाते. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर ठेवून फूटपाथवरून तिचा फोटो काढून पाहावा. खर्च शून्य. आपल्या राज्यातही मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती होतात. २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात सुपरक्रॉसची मोठी स्पर्धा झाली. तेथे गाड्या उंचवट्यावरून हवेत उडतात. अशा ठिकाणी प्रेक्षकांत बसूनही पुष्कळ शिकता येते. उडी सर्वांत उंच जाते तेथे गाडी क्षणभर मंद भासते, हे एकदा कळले की साधा कॅमेराही काम देतो. धूळ फार असते, म्हणून लेन्स उघड्यावर बदलू नये आणि मऊ कापड जवळ ठेवावे.

पुढे काम मिळाले, तर जाण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. किती पैसे आणि केव्हा? आत जाण्याचा परवाना कोण देणार? इजा झाल्यास विमा कोणाचा? 'फोटोखाली नाव छापू, तेच मानधन समजा,' असे सांगणारे भेटतात. नाव छापलेच पाहिजे. पण नावाने घरभाडे भागत नाही. दोन्ही मागावे, नम्रपणे आणि ठामपणे.

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी कॅमेरा मागू लागली की 'हे श्रीमंतांचे खेळ' म्हणून तोंड फिरवू नका. २०१९ साली बंगळुरूच्या ऐश्वर्या पिसे या मुलीने मोटारसायकल शर्यतीत महिलांचा बाहा विश्वचषक जिंकला. त्याआधी हे कोणाला शक्य वाटले होते? कॅमेरा विकत घेणे जमत नसेल तर भाड्याने मिळतो. दोघा-तिघांत मिळून एक घेता येतो. मात्र आधी कठड्यामागे उभे राहायला शिकवा आणि कळ दाबायला त्यानंतर.