नफ्याचा ताळेबंद आणि तिवशाचा बांध

नागपूर-अमरावती महामार्गावरील तिवसा तालुक्यात भ्रमणध्वनी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतःच करावी, अशी ई-पीक पाहणीची पद्धत राज्यभर 2021 पासून लागू आहे. बांधावर उभे राहून कपाशीचे छायाचित्र काढता येईल. परंतु ते सरकारदरबारी पोहोचावयाचे, तर जवळपासचा मनोरा चालू असला पाहिजे. भारत संचार निगमाच्या भवितव्याचा विचार याच बांधावरून व्हावयास हवा.

ऑक्टोबर 2000 मध्ये हा निगम अस्तित्वात आला आणि दोन वर्षांनी त्याची मोबाईल सेवा सुरू झाली. तत्पूर्वी सात वर्षे खाजगी कंपन्या या क्षेत्रात होत्या. पुढे निगम तोट्यात बुडाला. त्याचे खापर केवळ कर्मचाऱ्यांवर फोडणे सोपे आहे, न्याय्य नाही. 2010 मध्ये निगमाला लिलावात न उतरताही लिलावाच्या दराने ध्वनिलहरींचे मोल मोजावे लागले. 2016 मध्ये जिओ चौथ्या पिढीची सेवा घेऊन आली. निगमाला त्या लहरी देण्याचा निर्णय 2019 मध्ये झाला, 2020 मध्ये यंत्रसामग्रीची निविदा रद्द झाली आणि देशी तंत्रावरील सेवेचे उद्घाटन 27 सप्टेंबर 2025 रोजी झाले. शर्यतीत पाय बांधून उतरविलेल्या घोड्याला मंद म्हणण्यासारखेच हे नव्हे काय?

2022 मध्ये सरकारने 1.64 लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली, 2023 मध्ये आणखी सुमारे 89 हजार कोटींची. 2024 च्या अखेरच्या तिमाहीत 262 कोटींचा नफा झाला. एप्रिल-जून 2025 मध्ये पुन्हा तोटा दिसला. एवढा पैसा ओतावाच कशाला, असे कोणी विचारील. उत्तर जुलै 2024 ने दिले आहे. खाजगी कंपन्यांनी दर वाढविताच ग्राहक निगमाकडे वळू लागले. सरकारी सेवा आहे म्हणूनच खाजगी दरांना काही लगाम आहे.

तथापि पैसा म्हणजे सेवा नव्हे. जानेवारी 2020 मध्ये सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले. मनोरे नवे उभारले, तरी वीज गेल्यावर त्यांच्या बॅटऱ्या पाहणार कोण आणि तुटलेली तार जोडणार कोण? महामार्गालगत निगमाने खुशाल स्पर्धा करावी. याच जिल्ह्यातील मेळघाटात मात्र नफ्याची अपेक्षाच अनाठायी आहे. तेथील खर्च सार्वत्रिक सेवेच्या निधीतून उघडपणे द्यावा आणि दोहोंचे हिशेब वेगळे ठेवावेत.

त्याचबरोबर कोणत्या तालुक्यात कोणता मनोरा महिन्यातून किती तास बंद होता, हे निगमाने दरमहा जाहीर करावे. दिल्लीचा ताळेबंद तिवशाच्या शेतकऱ्याला वाचता येणार नाही. हा हिशेब तो निश्चित वाचील.